कॉन्फोकल येण्यापूर्वी

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव, मा. वित्त व लेखा अधिकारी, व्यवस्थापन परिषदेचे सर्व मा. सदस्य, तसेच मंत्रालयातील उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे संबंधित अधिकारी यांस,



आपल्या विद्यापीठात मध्यवर्ती उपकरण केंद्र होणार आणि त्यात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक व मास स्पेक्ट्रोमीटर बसणार, ही बातमी अर्थसंकल्पी अधिसभेच्या दुसऱ्या दिवशी वाचली. जीवशास्त्र विभागात शिकवणाऱ्या कोणालाही आनंद व्हावा अशीच ती आहे. मलाही झाला. मात्र विभागात पोचले तेव्हा एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी डिस्टिल्ड वॉटर नव्हते, आणि एक संशोधक विद्यार्थी मोटरसायकलला कॅन बांधून बॅटरीच्या दुकानाकडे निघाला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. बंद पाकिटातली पत्रे आवक-जावक नोंदवहीत सुखरूप आहेत.

आधी या पाण्याचेच सांगते. जिवाणू वाढवायचे माध्यम, बफर, रंगद्रव्ये, ऑटोक्लेव्हच्या तळाशी घालायचे पाणी, सगळे याच एका नळाला येऊन थांबते. आमच्या काचेच्या डिस्टिलेशन संचाला बोअरचे पाणी मिळते आणि ते जड आहे. हीटिंग एलिमेंटवर क्षारांचा पांढरा थर चढतो, आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि एलिमेंट जळते. नवे एलिमेंट काही हजारांत मिळते. पण त्यासाठी टिपणी, विभागप्रमुखांची शिफारस, लेखाशीर्षात रक्कम शिल्लक असल्याचा शेरा आणि तीन कोटेशन लागतात. शहरातल्या दोन पुरवठादारांना इतक्या किरकोळ वस्तूचे कोटेशन द्यायला वेळ नसतो. तिसरा स्पष्ट सांगतो की आधीचे देयक निघाल्याशिवाय पुढचे काही देणार नाही, आणि त्याचे काही चुकत नाही. तोवर बॅटरीचे पाणी. गाडीच्या बॅटरीला ते चालते. त्यात काय काय उरले आहे हे मात्र कोणी मोजलेले नसते, आणि ते बफरमध्ये गेले की एन्झाइम एक दिवस काम करते, दुसऱ्या दिवशी करत नाही. मुले आठवडाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

डिस्टिलेशन संचाच्या आधी एक साधा सॉफ्टनर बसवला की हा प्रश्न जवळपास मिटतो. तशी मागणी आम्ही केली. स्थापत्य विभागाने ती ‘हे उपकरण आहे’ म्हणून परत पाठवली. खरेदी विभागाने ‘ही नळजोडणी आहे’ म्हणून परत पाठवली. दोघांचेही शेरे शुद्ध मराठीत आणि मुदतीत आले, एवढे कबूल करायला हवे.

डेडस्टॉक रजिस्टर उघडले तर आम्ही श्रीमंत आहोत. शीत सेंट्रिफ्यूज, दोन पीसीआर यंत्रे, जेल डॉक, लॅमिनार एअर फ्लो, स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक, सगळे त्यात आहे. त्यातले चालते किती, हा रकाना रजिस्टरमध्ये नाही. सेंट्रिफ्यूज फिरते, पण थंड होत नाही. लॅमिनारमध्ये निळा दिवा लागतो आणि पंखाही घोंघावतो. हेपा फिल्टर मात्र बसवल्यापासून बदललेला नाही, त्यामुळे त्याखाली उघडलेल्या दर काही प्लेटींमागे एकीत बुरशी उगवते. फ्लुरोसन्सचा मर्क्युरी दिवा आयुष्य संपून गेला आहे. आणि गंमत अशी की बंद यंत्र हे नव्या यंत्राच्या आड येते. नवे सेंट्रिफ्यूज मागितले की रजिस्टर पाहून शेरा येतो, ‘सदर उपकरण विभागात उपलब्ध आहे’. जुन्याचे निर्लेखन करायचे तर त्यासाठी समिती, समितीसाठी बैठक, बैठकीसाठी गणपूर्ती. तोवर त्या लोखंडी धुडाला मुलांपेक्षा जास्त जागा आहे. नॅकची समिती यायची असते तेव्हा आम्ही ही सगळी यंत्रे पुसतो, प्रत्येकावर लॅमिनेट केलेली कार्यपद्धती चिकटवतो, आणि दिवा लागेल एवढी तरी वायर जोडून ठेवतो. समितीला ‘अत्याधुनिक उपकरणे’ दिसतात. आपल्या माहितीपुस्तिकेत छापलेले फोटो त्याच आठवड्यातले आहेत.

हे असे का होते? पैसा येत नाही म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. डीएसटीची फिस्ट योजना २००० पासून विद्यापीठांच्या विभागांना उपकरणांसाठी पैसे देत आली; पुढे रूसा आली, आता पीएम-उषा आहे. पैसा येतो, पण तो विकत घेण्यासाठी येतो आणि बहुतेकदा मार्चच्या तोंडावर खर्च करावा लागतो. ३१ मार्चपूर्वी देयक मंजूर करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे म्हणून खोकी येऊन पडतात. ज्या खोलीत यंत्र बसायचे तिथे वातानुकूलन नसते, अर्थिंग धड नसते, कधी कधी तर खोलीच नसते. कागदावर यंत्र ‘प्रस्थापित’ झालेले असते आणि वॉरंटीचे घड्याळ त्या दिवसापासून चालू होते. खोली तयार होऊन यंत्र पहिल्यांदा नीट वापरात येते तेव्हा वॉरंटी संपत आलेली असते. पहिला बिघाड हमखास त्यानंतर होतो. मग कंपनीचा अभियंता नुसता येऊन बघण्याचे जे शुल्क सांगतो ते आमच्या विभागाच्या ‘दुरुस्ती व देखभाल’ या शीर्षाखालच्या वर्षाच्या तरतुदीपेक्षा जास्त असते, आणि त्या तरतुदीतून वॉटर कूलर आणि झेरॉक्सचे यंत्रही दुरुस्त करायचे असते.

आता उणे ८० फ्रीझरबद्दल. हे सांगायला मला जड जाते, पण आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत ते ‘एक फ्रीझर नादुरुस्त’ एवढेच पोचले आहे.

या फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर असतात. एक दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा आतली पेटी उणे ८० अंशांपर्यंत नेतो. जुना फ्रीझर दिवसाला पंधरा-वीस युनिट वीज सहज खातो आणि ती सगळी उष्णता खोलीत सोडतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ वर असतो. खोलीचा एसी बंद पडलेला. मागच्या जाळीवर धुळीचा जाड थर, कारण ती जाळी दर महिन्याला साफ करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. वीज गेली, आली, पुन्हा गेली. विद्यापीठाचा जनरेटर आहे, पण त्याची लाइन परीक्षा भवनाला आणि प्रशासकीय इमारतीला जोडलेली आहे. फ्रीझरचा अलार्म वाजला; तो स्वतःच्या बॅटरीवर वाजतो. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने तो ऐकला आणि नोंदवहीत इमानदारीने लिहिले, ‘पहिल्या मजल्यावर शिट्टी वाजत आहे.’ कोणाला फोन करायचा हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. शनिवार-रविवार मध्ये होता. सोमवारी दार उघडले तेव्हा खालच्या कप्प्यात पाणी साचले होते आणि खोकी भिजून मऊ पडली होती. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या जिवाणूंच्या कुप्यांवरची हाताने लिहिलेली लेबले सुटून त्या पाण्यात तरंगत होती. काही कुप्यांमध्ये कदाचित जिवंत काही उरलेही असेल. कोणती कुपी कोणती, हे सांगणारे काही उरले नव्हते.

त्यात लोणार सरोवरातून वेगळे केलेले जिवाणू होते. ‘पुन्हा जाऊन आणा की,’ असे एका बैठकीत मला सांगण्यात आले. लोणारचे पाणी अल्कधर्मी आणि खारे आहे, पण ते दरवर्षी सारखेच नसते. जून २०२० मध्ये पाणी आटले, क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमध्ये शोधले. पावसाने पाणी वाढले आणि तो रंग गेला. म्हणजे एखाद्या वर्षी, एखाद्या काठावरून घेतलेला नमुना हा त्या वर्षाचाच असतो. शिवाय ते अभयारण्य आहे, नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. फ्रीझरची किंमत घसारा वजा करून काढता येते. त्यातल्या कुप्यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हे लेखा विभागाने मला कळवावे.

कॉन्फोकलकडे येते. चांगले यंत्र घ्यायचे तर दीड कोटींच्या पुढेच विचार करावा लागतो. १४ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्था आणि विद्यापीठांना अशा खरेदीवर ५ टक्के जीएसटी होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि दर १८ टक्क्यांवर आला. दीड कोटींवर हा फरकच साडेएकोणीस लाखांचा होतो. हे आपल्या हातात नाही, दिल्लीच्या हातात आहे. पण पुढचे आपल्या हातात आहे. सुटे भाग धरून केलेला सर्वंकष देखभाल करार साधारणपणे यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के पडतो, दरवर्षी. म्हणजे साडेसात ते पंधरा लाख. लेझरचे आयुष्य संपते, लेन्सवर एका विद्यार्थ्याने चुकून तेल सांडले की लाखांत खर्च येतो, खोलीचे तापमान चोवीस तास सांभाळावे लागते. अधिसभेपुढे ठेवलेल्या आकड्यांत यंत्राची रक्कम आहे, फर्निचरची आहे, उद्घाटनाच्या कार्यक्रमाचीही आहे. देखभालीची नाही. हत्ती घेताना चाऱ्याचा हिशेब पहिल्या दिवशी मांडायचा असतो.

आणि हा हत्ती सांभाळणार कोण? विभागातील प्रयोगशाळा सहायकांची पदे निवृत्तीनंतर भरलेली नाहीत. जे काम चालते ते कंत्राटी मुलांवर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवर. कंत्राट अकरा महिन्यांचे. मुलगा यंत्र शिकतो, त्याच्या खोडी ओळखू लागतो, तेवढ्यात त्याला चाकणच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या कंपनीत नोकरी लागते आणि तो जातो. त्याने जावेच. प्राध्यापकांची निम्मी कामे तासिका तत्त्वावर चालतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वर्तमानपत्रांत लेख येतात. तंत्रज्ञाच्या रिकाम्या खुर्चीवर लेख येत नाहीत. माझ्या मते प्रयोगशाळेचे मोठे नुकसान तिथे होते. अध्यापक नसेल तर वर्ग दुसरा कोणी घेतो. ऑटोक्लेव्हचा गॅस्केट झिजलाय हे कानाने ओळखणारा माणूस गेला की ते स्फोट होईपर्यंत कळत नाही.

याची व्यवस्था आपल्याच देशात एकदा केली गेली होती. यूजीसीने विद्यापीठांमध्ये विज्ञान उपकरण केंद्रे, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी असलेली ‘यूसिक’, सुरू केली आणि मुंबईत पश्चिम विभागीय उपकरण केंद्र उभारले. यूसिकमध्ये लेथ असे, सोल्डरिंगचे टेबल असे, काच फुंकून कंडेन्सर जोडून देणारा कारागीर असे. विभागातला बिघडलेला पीएच मीटर संध्याकाळपर्यंत तिथून दुरुस्त होऊन येई. आपल्या विद्यापीठातही ती खोली आहे. सध्या तिच्यात निवडणुकीच्या मतपेट्या आणि दीक्षान्त समारंभाच्या खुर्च्या आहेत. नव्या उपकरण केंद्राची इमारत बांधण्याआधी ती खोली रिकामी करून दिली तरी मी ऋणी राहीन.

जागेचा विषय निघालाच आहे तर हर्बेरियमचेही लिहिते. नव्या केंद्रासाठी तात्पुरती जागा हवी म्हणून वनस्पती नमुन्यांची कपाटे व्हरांड्यात काढण्याचा तोंडी आदेश आहे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या त्या वनस्पती आपल्याला रद्दीसारख्या दिसत असतील. प्रत्येक पत्र्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव आहे. त्यातली काही ठिकाणे आज धरणाच्या पाण्याखाली आहेत, काहींवरून चौपदरी रस्ता गेला आहे. उद्या तुमच्या नव्या यंत्रांवर कोणी डीएनए बारकोडिंग करील, तेव्हा तो क्रम कोणत्या वनस्पतीचा हे ठरवायला हाच वाळका नमुना पुरावा म्हणून लागेल. व्हरांड्यातल्या एका पावसाळ्यात बुरशी आणि कीड त्याचा भुगा करतील. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या आवारात वनस्पती उद्यान जोपासून सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांचे जतन केले. त्यासाठी लेझर लागला नाही, जागा आणि वर्षानुवर्षे टिकणारी माणसे लागली.

मी मोठ्या यंत्रांच्या विरोधात आहे, असा अर्थ कृपया काढू नये. पण विद्यापीठातले चांगले जीवशास्त्र नेहमी महागड्या यंत्रांतूनच आले असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या फुलातले परागकोश निर्जंतुक माध्यमावर वाढवले. पाहायचे होते पेशीविभाजन. परागकणांपासून चक्क भ्रूण तयार झालेले दिसले. १९६४ मध्ये ‘नेचर’ने ते छापले आणि त्यावरून पुढे जगभर गहू-भाताची नवी वाणे वेगाने काढण्याची पद्धत रुळली. या कामाला खात्रीचे पाणी, खात्रीचे निर्जंतुकीकरण, धड तापमानाची खोली आणि चांगला सूक्ष्मदर्शक लागतो. धोत्रा आपल्या वसतिगृहामागेही उगवतो. बाकीच्या चारांपैकी आज माझ्याकडे फक्त सूक्ष्मदर्शक आहे.

आणि याचा परिणाम विद्यार्थ्याच्या विषयावरच होतो. नवी मुलगी पीएच.डी.साठी येते, तिच्या मनात एक प्रश्न असतो. आम्ही तिला विचारतो ते मात्र ‘यासाठी कोणते यंत्र लागेल?’ एवढेच. शीत सेंट्रिफ्यूज लागत असेल तर प्रथिनांचा विषय बाद. पीसीआरच्या पस्तिसाव्या चक्राच्या आधी वीज जाणारच, म्हणून नळ्या रात्री दोनला लावायच्या. शेवटी जे यंत्र चालते त्याला शोभेल असा प्रश्न तिच्या गळ्यात पडतो, आणि मग आपणच म्हणतो की विद्यापीठांतल्या प्रबंधांत नवे काही नसते. सीएसआयआरची शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलीलाही वर्षाचा आकस्मिक खर्च २० हजार रुपये मिळतो. त्यातून ती रसायने आणते, नमुने बाहेर पाठवते आणि रात्रीच्या गाडीने आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ घेऊन जाते. सैफसारखी सोय आहे हे चांगलेच. पण नमुना बर्फात ठेवून दहा तास प्रवास केल्यावर त्याचे जे होते, ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

तर माझे म्हणणे असे. उपकरण केंद्राची निविदा निघण्यापूर्वी तिच्यात पाच वर्षांचा सर्वंकष देखभाल करार यंत्राच्या किमतीतच धरून घ्या. निविदेत घासाघीस होते तेव्हा तो स्वस्त पडतो, नंतर कंपनी सांगेल तो दर. खोली, अर्थिंग आणि वीज तयार असल्याचा दाखला स्थापत्य विभागाने सही करून दिल्याशिवाय यंत्र मागवू नका. केंद्रावर दोन तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण करा, कंत्राटी नव्हे. ते होत नसेल तर एक यंत्र कमी घ्या. मी गंभीरपणे लिहीत आहे. जनरेटरची एक लाइन फ्रीझरच्या खोलीपर्यंत आणायला जेवढी केबल लागते ती मी पावलांनी मोजून दिली आहे.

मंत्रालयाकडे मागणे वेगळे आहे. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले: कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर, आणि गरज असेल तर जेम पोर्टलबाहेरून घेण्याची मुभा संस्थाप्रमुखाला दिली. राज्याच्या विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांसाठी असाच एक शासन निर्णय काढायला पैसा लागत नाही. एलिमेंट, गॅस्केट आणि फिल्टर विभागप्रमुखाने स्वतःच्या अधिकारात आणावा, हिशेब नंतर तपासावा. गैरवापराची भीती रास्त आहे, पण बंद यंत्रांत अडकलेला पैसा हाही जनतेचाच आहे आणि त्याचे लेखापरीक्षण कोणी करत नाही.

केंद्र सुरू झाल्यावर ते केवळ आपल्यापुरते ठेवू नका. २०२० पासून आय-स्टेम नावाचे राष्ट्रीय पोर्टल आहे, त्यावर देशभरातली यंत्रे नोंदवलेली आहेत आणि कोणीही वेळ मागू शकतो. आपली यंत्रे तिथे नोंदवा, तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना सवलतीचे दर ठेवा. फक्त एक करा: येणारे शुल्क विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत न जाता केंद्राच्या देखभाल खात्यातच राहू द्या आणि ते ३१ मार्चला व्यपगत होऊ देऊ नका. सध्या आमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या शुल्काची पावती रोखपालाकडे फाडली जाते आणि त्यातला एक रुपयाही दिव्याच्या खरेदीपर्यंत परत येत नाही.

निविदेचा मसुदा अजून अंतिम झालेला नाही असे समजते. त्यातला देखभालीचा भाग लिहायला विभागातून कोणाला बोलवायचे असेल तर आम्ही सुटीतही येऊ. आणि प्रत्यक्ष पाहणी करायची असेल तर नॅकच्या आठवड्यात येऊ नये. उन्हाळ्यात गुरुवारी दुपारी आमच्या फीडरवर दुरुस्तीसाठी वीज बंद असते; तेव्हा यावे. जिना डाव्या हाताला आहे, लिफ्ट चालत नाही.

आपली विश्वासू,
जीवशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका